६८० किलोमीटर अधिक डोंबिवली

मुंबई ते नागपूर विमानानं किती लांब, असं विचारलं तर जगातला कुठलाही शहाणा माणूस सांगेल, सुमारे ६८० किलोमीटर, दीड तास. डोंबिवलीचा माणूस असं काही सांगत नाही. तो आधी विचारतो, "रविवारी नाही ना?" रविवारी मेगाब्लॉक असतो. मग विचारतो, "कितीचं आहे?" सकाळचं असेल तर तो पुढे काहीच बोलत नाही, नुसता खांद्यावर हात ठेवतो.

माझ्या मेव्हण्याला हे कळणं शक्य नाही. तो नागपूरचा. मुलीचं लग्न ठरल्यावर त्याचा फोन आला. "भाऊजी, रेल्वेनं काहून येऊन राहिले? विमानानं या ना. तिकडं बसले का इकडं उतरले. दीड तास तर लागते!"

मी 'बरं' म्हणालो. एक तर बायकोच्या भावाशी वाद घालायचा नसतो, आणि दुसरं म्हणजे मुलाला नुकतीच नोकरी लागली होती आणि पहिल्या पगारातून त्यानं मला जायचं-यायचं तिकीट काढून दिलं होतं. पैसे परत न मिळणारं. आम्ही बाप-लेक त्या तिकिटाकडे किती वेळ बघत बसलो होतो! त्यावर लिहिलं होतं, निघण्याची वेळ ११.१५, पोचण्याची वेळ १२.४५. इतकं स्वच्छ, इतकं सरळ. मधे कोपर नाही, दिवा नाही, सिग्नल नाही.

आमच्याकडे अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धतच नाही. ऑफिस किती लांब आहे, असं विचारलं तर मी 'आठ तेरा' असं सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. आठ तेरा म्हणजे सातला अंघोळ, साडेसातला डबा, पावणेआठला रिक्षाची रांग, आणि चढायला मिळालं तर फोर्थ सीट. परतीचं मापही ठरलेलं आहे. गाडीनं ठाणं सोडलं की मी घरी मिस कॉल देतो, सौ. कुकर चढवते, आणि तिसऱ्या शिट्टीला मी दारात असतो. पंचवीस वर्षांत या हिशेबात चूक झाली ती फक्त पावसाळ्यात. ठाणे ते डोंबिवली किती किलोमीटर हे मला अजूनही सांगता येणार नाही. तीन शिट्ट्या.

आता ६८० किलोमीटरला दीड तास का लागावा, हाही मला प्रश्नच पडला होता. मुलाला म्हटलं, "तुझं विमान ताशी आठशेनं जातं ना? मग भागाकार कर." त्यानं केला. एक्कावन्न मिनिटं आली. "मग उरलेली एकोणचाळीस कुठे गेली?"

तर तो म्हणाला, विमान कंपन्या वेळ मोजतात ती हवेतली नाही. या गेटवरून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू, आणि त्या गेटला जाऊन लागलं की घड्याळ बंद. मधे ते जमिनीवरून रांगत जातं, रांगेत उभं राहतं, वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो, आणि मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदून जातात, त्यामुळे दोन असून वापरता येते एका वेळी एकच. शिवाय कंपन्या वर थोडी मिनिटं गुपचूप वाढवून ठेवतात. म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर, आणि उशीर झाला नाही तर 'आपण दहा मिनिटं आधी पोचलो आहोत' असं सांगून कौतुक करून घ्यायला मोकळे.

मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मी साहेबांना गेली कित्येक वर्षं घरून ऑफिसला पावणेदोन तास लागतात असं सांगत आलो आहे. लागतो दीड. वरची पंधरा मिनिटं माझी धावपट्टी.

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर वहीचं मागचं पान घेऊन उलटी गणितं मांडायला बसलो. विमान सव्वाअकराला. विमानतळावर दोन तास आधी, म्हणजे सव्वानऊ. घाटकोपरहून मेट्रोनं सहार, अर्धा-पाऊण तास धरू. डोंबिवली ते घाटकोपर फास्टनं चाळीस मिनिटं. गाडी लेट असली तर वीस. पहिल्या गाडीत बॅग घेऊन चढायला मिळालं नाही तर दुसरीची वाट, दहा. दुसरीतही मिळालं नाही तर डाउनला कल्याणला जाऊन तिथून रिटर्न, पंचवीस. रिक्षाची रांग पंधरा. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि बॅगेचं चाक निखळलं तर?" त्याची दहा धरली. बेरीज केल्यावर लक्षात आलं की मला आदल्या दिवशी निघायला हवं.

टॅक्सीचा विचार केला नाही असं नाही. पण डोंबिवलीहून विमानतळाला टॅक्सी म्हणजे आधी काटई, मग शिळफाटा, मग मुंब्र्याचा बायपास किंवा ऐरोलीचा पूल, मग पवईकडून नाहीतर घाटकोपरकडून. आता मोठागाव-माणकोली पूल झालाय, मुंबईच्या वेशीवरचे टोल २०२४ च्या ऑक्टोबरपासून छोट्या गाड्यांना माफ झालेत, त्यामुळे पूर्वी जे पैसे देऊन थांबावं लागायचं ते आता फुकट थांबता येतं. शिवाय टॅक्सीवाला फोन करून आधी विचारतो, "कुठे जायचंय?" आपण विमानतळ म्हटलं की फोनमधून एक दीर्घ श्वास ऐकू येतो आणि पुढच्या मिनिटाला भाडं रद्द.

आणि हल्ली 'विमानतळ' एवढं म्हणून भागत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडायला लागली. टेकडी कापून आणि नदी वळवून केलेला विमानतळ. आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. एका उत्साही सभासदानं नकाशावर पट्टी ठेवून मोजलं, तर डोंबिवलीहून सहार कावळ्याच्या वाटेनं साधारण २७ किलोमीटर आणि नवा विमानतळ साधारण २५. म्हणजे देवानं आम्हाला दोन विमानतळांच्या बरोबर मधे ठेवलंय. दोन्ही सारखेच लांब. पूर्वी एका विमानतळावर जाताना विमान चुकायचं, आता चुकीच्या विमानतळावर वेळेत पोचण्याचीही सोय झाली आहे. शिळफाट्याच्या पुढे घरांच्या जाहिराती लागल्यात त्यांत मात्र 'विमानतळ २० मिनिटांवर' असं लिहिलंय. ती वीस मिनिटं खोटी नाहीत. बिल्डरनं ती रात्री दोन वाजता मोजली असणार, आणि बहुधा कावळ्यानंच.

सौ.नं हे सगळं ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "मी ताईबरोबर गाडीनं जाते. मला उतरताना कानात दडे बसतात." ताई म्हणजे माझी मेव्हणी, आणि गाडी साडूची. साडू कल्याण पश्चिमेला राहतात. कल्याणहून पडघ्याच्या बाजूला निघालं की आमण्याला समृद्धी महामार्ग लागतो, तो ७०१ किलोमीटर थेट नागपूर. २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला तेव्हापासून साडूंचा बोलण्याचा वेगही वाढला आहे. "समृद्धी आमच्या अंगणातून निघते," ते म्हणतात. साडूंचं अंगण म्हणजे पार्किंग क्रमांक चौदा.

निघालो त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला मी घराबाहेर पडलो. लोकलमध्ये बॅग घेऊन चढणं हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं, पण आजवर मी तो दुसऱ्यांनी केलेला पाहिला होता. चढलो कसा ते सांगत नाही, कारण मला माहीत नाही. बॅग माझ्या आधी आत गेली होती आणि डोक्यांवरून हातोहात पुढे सरकत थेट रॅकवर जाऊन बसली होती. तिला खिडकी मिळाली. मी दाराशी.

"एअरपोर्ट का?" एकानं विचारलं.

"हो."

झालं. सबंध डबा कामाला लागला. एक म्हणाला, घाटकोपर नको, गर्दीत जीव जाईल, ठाण्याला उतरा आणि रिक्षा करा. दुसरा म्हणाला, ठाण्याहून रिक्षा म्हणजे वेड लागलंय का, दादरला जा, तिथून वेस्टर्नला अंधेरी. तिसऱ्यानं मुलुंडहून बस सुचवली. चौथ्याच्या मेहुण्याचं विमान पवईत चुकलं होतं, ते त्यानं तारखेसकट सांगितलं. पलीकडे भजनीमंडळ चालू होतं, त्यातल्या टाळवाल्यानंही टाळ न थांबवता 'मरोळ नाका, मरोळ नाका' अशी भर घातली. तेवढ्यात खिडकीपाशी झोपलेल्या एका गृहस्थांनी डोळे न उघडता विचारलं, "टी-वन की टी-टू?"

डबा शांत झाला. मी खिशातून फोन काढायला गेलो तर हात खिशापर्यंत जाईना. मुंब्रा आलं. त्या शांततेत माझ्या पोटात जे काही झालं ते पुढे विमान हवेच्या खड्ड्यात पडलं तेव्हाही झालं नाही. टी-वन म्हणजे सांताक्रूझ, टी-टू म्हणजे सहार. धावपट्ट्या त्याच, पण एका दारातून दुसऱ्या दारात जायचं म्हणजे पुन्हा रस्त्यावर यायचं. मुंब्रा गेलं, शेजारच्यानं माझ्या खिशात हात घालून माझा फोन काढला, माझ्याच अंगठ्यानं उघडला आणि वाचून सांगितलं, "टी-टू." डब्यानं सुस्कारा सोडला. गृहस्थ पुन्हा घोरायला लागले.

एवढ्या प्रेमळ माणसांनी घाटकोपरला मला उतरवलं नाही, वाहून खाली आणलं. बॅग मागून आली.

पुढचं सोपं होतं. घाटकोपरहून मेट्रो, मरोळ नाक्याला उतरून जमिनीखालची दुसरी मेट्रो, आणि पुढचंच स्टेशन विमानतळ. ही सोय २०२४ च्या ऑक्टोबरात झाली, त्याआधी मरोळच्या रस्त्यावर रिक्षावाल्याची विनवणी करावी लागायची. घड्याळात पाहिलं तर आठ वाजून दहा मिनिटं. विमान सव्वाअकराला. ज्या-ज्या संकटांसाठी मिनिटं राखून ठेवली होती त्यांतलं एकही आलं नव्हतं, चाकसुद्धा शाबूत. डोंबिवलीकर विमानतळावर एक तर तीन तास आधी पोचतो नाहीतर पोचतच नाही. त्या काचेच्या दालनात माझ्यासारखे आणखी चार-पाच जण होते. चुरगळलेले शर्ट, छातीशी धरलेल्या बॅगा, आणि चेहऱ्यावर एक प्रकारची रिकामी शांतता. एकाकडे बघून मी नुसतं "बदलापूर?" म्हणालो. त्यानं मान हलवली. "अंबरनाथ."

विमानप्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वर गेलो, एक वडीसारखं काहीतरी खाल्लं, खाली आलो. हिवाळ्यात उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना विमानाला मागून रेटा मिळतो आणि येताना तोच वारा समोरून अडवतो. सासुरवाडीला जाणाऱ्याची निसर्गानं केलेली ही सोय मला तरी योग्य वाटली. 'आपण दहा मिनिटं आधी पोचलो आहोत' असं हवाई सुंदरीनं सांगितलं तेव्हा मी एकटाच हसलो.

नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराला चिकटून. मेव्हणा दाराशीच उभा. वीस मिनिटांत घरी. मी सोफ्यावर टेकतो न टेकतो, चहा येतो न येतो, तो बाहेर हॉर्न. साडू! कल्याणहून पहाटे साडेपाचला निघाले होते, वाटेत दोनदा पोहे खाल्ले होते, मुलांसाठी थांबले होते, आणि माझ्यानंतर बरोबर पाऊण तासानं हजर. गाडीतून सौ. उतरली, ताई उतरली, दोन पोरं, रुखवताचा ठोकळा, आणि पापडाचे डबे उतरले. साडूंनी माझ्याकडे बघितलं, माझ्या सात किलोच्या बॅगेकडे बघितलं आणि प्रेमानं म्हणाले, "विमानानं आलात ना? फक्त पाऊण तासच आधी?"

मी त्यांना सांगायला गेलो की मी हवेत सव्वा तासच होतो. पण ते खरं असून बचाव होत नव्हता. बाकीचे साडेपाच तास मी कुठे होतो, याचं उत्तर मला पाहुण्यांसमोर देता येईना.

लग्नाच्या आदल्या दिवशी मेव्हणा आम्हाला गाव दाखवायला घेऊन निघाला. नागपुरात सगळं पाच मिनिटांवर असतं, आणि खरोखरच पाच मिनिटांवर असतं, हे पाहून मला थोडं बेचैन व्हायला झालं. "हा बघा, झिरो माइल," तो म्हणाला. वालुकाश्माचा एक खांब आणि शेजारी चार घोडे. इंग्रजांच्या मोजणी खात्यानं देशाच्या मोजमापासाठी उभारलेला. इथून अमुक गाव इतके मैल, तमुक गाव तितके. मी बराच वेळ त्या खांबासमोर उभा राहिलो. अंतर मोजायला कुठेतरी शून्य लागतं आणि ते हलता कामा नये, हे या माणसांना सुचलं होतं. डोंबिवलीत असा खांब कुठे ठोकावा? फडके रोडवर ठोकला तर फेरीवाला त्यावर हँगर लटकवेल. आमचा शून्य म्हणजे फलाटावरचा इंडिकेटर, आणि तो तर मिनिटामिनिटाला बदलतो. कधी-कधी पुढची गाडी चार मिनिटांवर असताना पुन्हा सहा मिनिटांवर जाते.

याच नागपुरानं एके काळी सगळ्या देशाची टपाल एका रात्रीत फिरवली होती. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमानं रात्री निघायची, मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटे आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. मेव्हण्यानं हे अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, पत्राचं बरं आहे, त्याला आधी लोकलनं घाटकोपरला यावं लागत नव्हतं.

"पण विमानतळ आमच्या कल्याणलासुद्धा होता," साडू मधेच म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. पण त्यांचं खोटं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं कल्याणजवळ, मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, विमानं गेली, धावपट्टी राहिली. नवी मुंबईच्या जागेवरून पर्यावरणाचा वाद चालला होता तेव्हा पर्याय म्हणून या जागेचंही नाव निघालं होतं. तेवढे दिवस साडू कल्याणमध्ये फार ताठ चालत. ज्यांच्या जमिनी गेल्या ते शेतकरी मात्र त्या मागतच राहिले. २०१७ च्या जूनमध्ये तर नेवाळीचं आंदोलन पार पेटलं होतं. त्यामुळे या विषयावर मी फारशी थट्टा करत नाही. एवढंच म्हणालो, "म्हणजे कल्याणला धावपट्टी आहे पण विमान नाही, आणि डोंबिवलीवरून रात्रंदिवस विमानं जातात पण धावपट्टी नाही."

"एकत्र महापालिका आहे ना," मेव्हणा म्हणाला, "मग भागवून घ्या की."

खरी अद्दल मला घडवली ती मेव्हण्याच्या धाकट्यानं. सातवीत आहे. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही संत्री सोलत बसलो होतो आणि साडूंनी पुन्हा पाऊण तासाचा विषय काढला. तो पोरगा म्हणाला, "काका, दोन विमानतळांमधलं अंतर कसं मोजतात सांगू?" आणि एक न सोललेलं संत्रं, शिवणाच्या डब्यातला दोरा आणि दोन टाचण्या घेऊन आला.

"ही पृथ्वी." त्यानं संत्रं माझ्या हातात दिलं. "नकाशावर पट्टीनं मोजलं तर चूक येते. पृथ्वी गोल असते ना, म्हणून गोलावर दोरा ताणायचा. ताणलेला दोरा सगळ्यात जवळच्या वाटेनंच जाते. विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन कॉम्प्यूटर हेच करते." मग त्यानं एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून, देठाच्या थोडं खाली एक टाचणी टोचली. "हे मुंबई." लगेच शेजारी, जवळजवळ तिला खेटूनच, दुसरी टोचली. "हे नागपूर." मधे दोरा घालायला जागाच नव्हती. मी मोजपट्टी मागवली. चार मिलीमीटरसुद्धा धड भरेना. बोटाला संत्र्याचा तिखट वास येत होता आणि टाचणीच्या कडेनं रसाचा एक बारीक थेंब वर आला होता.

"आणि डोंबिवली कुठे?" मी विचारलं.

त्यानं मुंबईची टाचणी उपटली, भोकाकडे निरखून बघितलं. "ह्याच्यात."

"आणि ठाणं?"

"ह्याच्यातच."

"कल्याण?" साडू पुढे वाकले.

"सगळं ह्याच्यातच, काका. टाचणी जाड आहे. कसारा पण आला."

मी ते भोक बराच वेळ बघत होतो. चार मिलीमीटर विमानानं सव्वा तासात पार केले होते. माझा उरलेला सगळा दिवस त्या भोकात गेला होता. काटई त्यात होतं, मुंब्रा त्यात होतं, झोपलेले गृहस्थ त्यात होते, आणि जगातल्या कुठल्याही विमानतळांमधल्या अंतराच्या कोष्टकात त्या भोकाची लांबी शून्य धरलेली असते.

(२०१७ च्या अखेरीपासून काही काळ मुंबईहून नाशिकला छोट्या विमानाची सेवा होती. अंतर सुमारे १६० किलोमीटर. डोंबिवलीच्या माणसानं ते विमान घ्यायचं ठरवलं असतं तर आधी दोन तास उलट्या दिशेनं सहारला जायचं, मग पुन्हा आपल्याच जिल्ह्यावरून उडत ओझरला उतरायचं, आणि तिथून नाशिक शहरात यायला आणखी २० किलोमीटर रस्ता. तोवर कल्याणहून रेल्वेनं गेलेल्या माणसाची काळारामाची आरती करून मिसळ खाऊन झाली असती.)

परतताना मी संध्याकाळच्या विमानानं निघालो. सौ. आणि साडू पहाटेच गाडीनं गेले होते. दुपारी पाचला सौ.चा फोन आला, पोचलो, दूध आणलं, तुमचे कपडे मशीनला लावले. मी तेव्हा नागपूरच्या विमानतळावर तिसऱ्यांदा संत्रा बर्फीचं वजन करत होतो.

शेजारच्या सीटवर पार्ल्याचे एक काका होते. मुंबई जवळ आली तसा वैमानिकानं आवाज दिला की खाली गर्दी आहे, आपल्याला काही वेळ घिरट्या घालाव्या लागतील. विमान एका अंगावर कललं. मी खिडकीतून खाली पाहिलं आणि थबकलो. एका मोठ्या शहराचे दिवे, मधून खाडीचं काळं वळण, एका बाजूला रेल्वे यार्डाचा पिवळा पसारा, दुसरीकडे डोंगराचा मिट्ट काळोख. आणि या सगळ्याच्या मधून जाणारी एक लांबच लांब लाल माळ. गाड्यांच्या मागच्या दिव्यांची. माळ हलत नव्हती. विमानानं एक चक्कर मारली, पुन्हा तिथे आलं; माळ जिथल्या तिथे.

"काटई नाका," मी मोठ्यानं म्हणालो.

"काय?" पार्ल्याचे काका.

"कल्याण-शीळ रस्ता. हलत नाही ना, म्हणजे तोच."

मग सगळं ओळखू यायला लागलं. ते यार्ड म्हणजे कल्याण, तो काळोख म्हणजे मलंगगडाची बाजू, आणि रुळांच्या रेघेवर पुढे तो दाट ठिपक्यांचा पुंजका. त्यातल्या एका ठिपक्याखाली सौ. वॉशिंग मशीनमधून माझे कपडे काढत असणार. घड्याळात पाहिलं, आठ एकवीस.

"तुम्ही कुठे राहता?" काकांनी विचारलं.

"खाली," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग ते आपलं दुःख सांगायला लागले, की विमानतळ घराजवळ असण्यासारखा शाप नाही, जवळचं भाडं म्हणून एक रिक्षावाला थांबत नाही, घरी जायला साडेनऊ होतात. मी त्यांच्या दुःखात सहभागी झालो. ताशी आठशेनं तिथून सहार दोन मिनिटांवर होतं. त्या दोन मिनिटांचा उलटा प्रवास मला आता करायचा होता.

आठ बावन्नला उतरलो. विमान रांगत गेटपाशी गेलं, नऊ पाच. बर्फीचा खोका पट्ट्यावरून यायला साडेनऊ झाले. जमिनीखालची मेट्रो, मरोळ नाका, वरची मेट्रो, घाटकोपर. पूल चढलो, पूल उतरलो, फलाटावर अशी गर्दी की रात्रीचे सव्वादहा वाजलेत याच्यावर विश्वास बसू नये. एक गाडी सोडली. दुसरीत चढलो. खोका डोक्यांवरून पुढे गेला, परत आला तेव्हा एका कोपऱ्यात चेपलेला होता आणि कुणीतरी अगदी सभ्यपणे विचारलं, "संत्रा बर्फी का हो?" १८५३ च्या १६ एप्रिलला देशातली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला ५७ मिनिटांत पोचली असं सांगतात, आणि आजची स्लो लोकलही तेवढाच वेळ घेते. त्या दिवशी पाहुण्यांना एकवीस तोफांची सलामी मिळाली होती. आम्हाला मुंब्र्याला सिग्नल मिळाला. लाल.

मात्र ठाणं सोडताना माझा हात आपोआप खिशाकडे गेला. मिस कॉल.

डोंबिवलीला अकरा बारा. रिक्षाची रांग. दारात पाय ठेवला तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि आत तिसरी शिट्टी होत होती.

जेवण झाल्यावर आम्ही गॅलरीत उभे होतो. सौ. म्हणाली, "मघाशी आठ-सव्वाआठला एक विमान गेलं बघा वरून, दोनदा फिरलं. म्हटलं, ह्यातच असाल का काय!"

"त्यातच होतो," मी म्हणालो.

तेवढ्यात आणखी एक आलं. खूप खाली, लाल दिवा लुकलुकत, मलंगगडाकडून वळून पश्चिमेला. आम्ही दोघं मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिलो.

"ह्यातही असेल कुणीतरी आपल्या इकडचा," सौ. म्हणाली. "बायको बिचारी वाट बघत असेल."

"कुकर लावू नको म्हणावं तिला इतक्यात," मी म्हणालो. "अजून ठाणं यायचंय."